उशिरा आलेल्या पार्सलच्या परतीचा खर्च ग्राहकाच्या माथी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सणांचा हंगाम सरला की ऑनलाइन खरेदीतला एक ठरावीक प्रश्न मागे उरतो. मखर विसर्जनानंतर येऊन पडते, राखी पौर्णिमा उलटल्यावर येते, मुलाचा झब्बा भाऊबीज झाल्यावर हातात पडतो. वस्तू फुटलेली नसते, मापाला चुकलेली नसते, रंगही बरोबर असतो. पण वरातीमागून घोडे आले तर त्याचा उपयोग काय? म्हणून ग्राहक ती परत करायला जातो आणि तिथे त्याला कळते की परतीचे शुल्क त्याच्या पैशांतून कापले जाणार आहे, किंवा पार्सल त्यानेच स्वखर्चाने पाठवायचे आहे. बहुतेक जण मुकाट्याने भरतात. परत आपण करतोय, म्हणजे खर्चही आपलाच, असे त्यांना वाटते. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे आणि भुर्दंड टाळायचा कसा, हे वाचकांना कळावे म्हणून हे सविस्तर पत्र.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्र सरकारने २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्स नियम लागू केले. त्यांतला सहावा नियम मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र मांडणाऱ्या संकेतस्थळावर, माल विकणाऱ्या विक्रेत्यांसाठी आहे, सातवा स्वतःचा माल स्वतःच विकणाऱ्या कंपन्यांसाठी. माल सदोष निघाला, बनावट निघाला, जाहिरातीत सांगितला त्याहून वेगळा निघाला, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. त्याच यादीत आणखी एक कारण आहे ते मात्र फारसे कोणी वाचत नाही: सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा उशिरा पोहोचलेला माल. म्हणजे उशीर हा दोषाच्याच पंक्तीला बसवलेला आहे. अपवाद एकच, कोणाच्याच हातात नसलेल्या आपत्तीमुळे झालेला उशीर. पुराने रस्ता वाहून गेला, घाटात दरड कोसळली, तर विक्रेत्याला दोष देता येत नाही. पण 'सणासुदीची गर्दी होती' किंवा 'ऑर्डरी फार आल्या' ही आपत्ती नव्हे. दिवाळी कधी आहे हे वर्षभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेले असते. तारीख कबूल करणाऱ्याने ते पाहूनच कबूल करायची असते.

आता खरी मेख. माल परत घ्या, पैसे द्या, इतके नियम स्पष्ट सांगतो. पण तो माल ग्राहकाच्या घरापासून विक्रेत्याच्या गोदामापर्यंत कोणाच्या पैशाने जायचा, यावर तो गप्प आहे. परतीच्या वाहतूक खर्चाचा उल्लेख नियमांत येतो तो फक्त माहिती देण्याच्या संदर्भात: परतीला किती खर्च येईल हे विक्रेत्याने स्पष्ट आणि सहज दिसेल असे सांगितले पाहिजे, बस्स. या मौनाचा अर्थ कंपन्या आपल्या सोयीने लावतात. आपल्या अटींत 'परतीचा खर्च ग्राहकाकडे' अशी सरसकट ओळ घालतात आणि ती सर्व प्रकारच्या परतींना लावतात.

इथे दोन प्रकारांत फरक करायलाच हवा. साडीचा रंग घरी आणल्यावर आवडला नाही, मन बदलले, दुसरीकडे स्वस्त मिळाली म्हणून वस्तू परत केली, तर परतीचा खर्च ग्राहकाने सोसावा यात अन्याय नाही, फक्त तो आधी सांगितलेला हवा. पण कबूल केलेली तारीख विक्रेत्याकडून चुकली असेल, तर करार त्याने मोडलेला असतो. त्याच्या चुकीची भरपाई ग्राहकाने टपालखर्चाच्या रूपाने करावी, याला कसलाही आधार नाही.

उलट आधार आहे तो ग्राहकाच्या बाजूने, आणि चांगला जुना आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ४३ सांगते की खरेदीदाराला माल नाकारण्याचा हक्क असेल आणि त्याने तो नाकारला, तर माल विक्रेत्याकडे पोहोचता करायला तो बांधलेला नाही. 'मी हा माल नाकारतो' एवढे विक्रेत्याला कळवले की त्याचे काम संपले. न्यायचा असेल तर विक्रेत्याने येऊन न्यावा. हे कलम लिहिले गेले तेव्हा माल बैलगाडीने आणि रेल्वेने यायचा. आज कुरिअरने येतो, तत्त्व तेच आहे. कलमाची सुरुवात मात्र 'अन्यथा ठरले नसेल तर' अशी आहे आणि पळवाट तिथेच सापडते. ऑर्डर देताना आपण न वाचता 'मान्य आहे' दाबतो तेव्हा 'अन्यथा ठरले' असे कंपनी म्हणू शकते. म्हणून अटींतली परतीची ओळ एकदा तरी वाचावी. ती बहुधा मन बदलल्यामुळे होणाऱ्या परतीबद्दल असते. उशिराचा उल्लेखही नसतो. तसे असेल तर कलम ४३ शाबूत आहे, असे ठामपणे लिहून कळवावे.

सगळ्यात सोपा उपाय पार्सल घरात येण्याआधीच आहे. तारीख उलटली आणि वस्तूची आता गरज नसेल, तर ॲपमध्ये ऑर्डर रद्द करण्याचा पर्याय दिसतोय का ते पाहा. माल निघाल्यावरही अनेक ठिकाणी तो चालू असतो. तो बंद झाला असेल तर दारात आलेले पार्सल घेऊ नका. 'तारीख उलटली, स्वीकारत नाही' असे डिलिव्हरी बॉयला सांगा आणि ओटीपी देऊ नका. ओटीपी दिला की यंत्रणेत माल 'पोहोचला' अशी नोंद होते, मग तुम्ही पार्सल हातात घेतलेले असो वा नसो. नाकारलेले पार्सल आपोआप पाठवणाऱ्याकडे परत जाते. कुरिअरवाले याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. त्या परतीच्या प्रवासाचे पैसे कुरिअर पाठवणाऱ्याकडून घेते, घेणाऱ्याकडून नाही. परतीच्या खर्चाचा वाद इथे उद्भवतच नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी वॉचमनला आणि शेजाऱ्यांना तसे आधीच सांगून ठेवावे. घरी कोणी नसताना भल्या मनाने घेऊन ठेवलेले पार्सल हेच अर्ध्या तंट्यांचे मूळ असते. त्याच संध्याकाळी ट्रॅकिंग उघडून पाहावे. नाकारले असताना 'डिलिव्हर्ड' दिसत असेल, तर लगेच लेखी तक्रार नोंदवावी.

पार्सल घेतले गेले असेल तरी हक्क जात नाही, पण घड्याळ चालू होते. वस्तू वापरू नका, टॅग काढू नका, मूळ खोके फेकू नका. वाजवी मुदतीत काहीच न कळवता माल ठेवून घेतला किंवा मालकासारखा वापरला, तर तो स्वीकारला असेच कायदा धरतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५५ इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या करारात वेळ हाच गाभा आहे, तिथे उशिरा झालेली पूर्तता तुम्ही स्वीकारलीत, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. ती मागायचा इरादा आहे हे स्वीकारतानाच कळवावे लागते. म्हणून पार्सल आले त्याच दिवशी दोन ओळींचा मेल किंवा चॅटमध्ये संदेश टाकावा: 'ऑर्डर क्रमांक अमुक. कबूल तारीख अमुक, प्रत्यक्षात अमुक तारखेला मिळाले. उशिरामुळे हा माल मी नाकारत आहे. तो आपल्या खर्चाने घेऊन जावा आणि सर्व रक्कम परत करावी. नुकसानभरपाईचा हक्क मी राखून ठेवत आहे.' चॅट मिटली की मजकूर नाहीसा होतो, म्हणून तिचा स्क्रीनशॉट तेव्हाच काढावा.

कबूल तारखेचा पुरावाही असाच निसटतो. ॲपमधली तारीख बदलत जाते. ऑर्डर देताना १० तारीख, मग १३, मग 'लवकरच'. आणि शेवटी ऑर्डरच्या पानावर १६ तारखेला 'वेळेत पोहोचले' असे दिसते. ऑर्डर पक्की झाल्याच्या मेलमध्ये किंवा एसएमएसमध्ये असलेली तारीख मात्र कोणाला बदलता येत नाही. तो मेल पुसू नका. पैसे भरण्याआधीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर आणखी बरे. वस्तू ठरावीक दिवसासाठीच हवी असेल, तर विक्रेत्याला ऑर्डर देतानाच तसे लिहून कळवावे. वेळ हा कराराचा गाभा होता हे दाखवायला त्याहून चांगला कागद नाही. पार्सलवरच्या लेबलचाही फोटो घ्या. त्यावर कुरिअरचे नाव, ट्रॅकिंग क्रमांक आणि बहुधा पाठवल्याची तारीख असते. उशीर गोदामात झाला की वाटेत, हे त्यावरून कळते. 'घरी कोणी नव्हते' अशी कुरिअरची खोटी नोंद दिसली तर त्याच दिवशी हरकत घ्या, कारण पुढे हीच नोंद उशिराचे खापर तुमच्यावर फोडायला वापरली जाते.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते परतीचे कारण निवडताना. यादीत 'आता गरज नाही', 'विचार बदलला', 'माप चुकले', 'खराब निघाले' असे पर्याय असतात. 'उशिरा पोहोचले' हा पर्याय पुष्कळदा नसतोच. घाईत माणूस 'आता गरज नाही' दाबतो. ते खरेही असते, पण त्या एका स्पर्शाने ती परती मन बदलल्याच्या खात्यात जाते आणि शुल्क लागू होते. 'खराब निघाले' हे खोटे कारणही निवडू नये, तपासणीत वस्तू चांगली निघाली की परतीची विनंती फेटाळली जाते. योग्य पर्याय नसेल तर 'इतर' निवडा आणि चौकटीत 'ठरलेल्या तारखेनंतर पोहोचले' असे लिहा. 'इतर'ही नसेल तर कस्टमर केअरशी चॅटवर बोलून त्यांच्याकडून नोंद करून घ्या. आणि 'ही वस्तू परत घेतली जात नाही' असा शिक्का वस्तूच्या पानावर असला तरी नाउमेद होऊ नका. उशिराच्या बाबतीत नियमाने ठेवलेला अपवाद आपत्तीचा आहे, वस्तूच्या प्रकाराचा नाही.

शहरात एकंदरीत भागते, कारण घरून पार्सल उचलायला माणूस येतो. तळकोकणातल्या वाड्या, मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारचा डोंगराळ भाग इथे चित्र वेगळे असते. माल पोहोचवायला पिनकोड चालतो, पण परत न्यायला तोच पिनकोड 'सेवा उपलब्ध नाही' म्हणून नाकारला जातो. मग 'स्वतः पाठवा' असा निरोप येतो. खर्चाची भरपाई देऊ म्हणतात, पण ती ठरावीक रकमेपर्यंत आणि तीही कित्येकदा कूपनच्या रूपात. प्रत्यक्ष खर्च किती होतो हे मखराच्या उदाहरणावरून पाहता येईल. समजा, घडीच्या मखराचे खोके ७५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि २० उंच आहे. वजन काट्यावर ३ किलो. पण कुरिअरवाले मोठ्या, हलक्या पार्सलचे आकारमान मोजतात: लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५,०००. इथे तो येतो ६७,५०० भागिले ५,०००, म्हणजे साडेतेरा किलो. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्याचे पैसे लागतात. ३ किलोच्या मखराला साडेतेरा किलोचे भाडे! स्वस्तातल्या मखराच्या बाबतीत ते वस्तूच्या किमतीच्या आसपासही जाऊ शकते. कंपनीला मोठ्या प्रमाणावरचा घाऊक दर मिळतो, ग्राहकाला काउंटरवरचा पूर्ण दर द्यावा लागतो. खेड्यातल्या ग्राहकावर तर हा दुहेरी अन्याय आहे.

अशा वेळी पहिली मागणी 'तुम्हीच उचला, नाहीतर परतीच्या वाहतुकीचे पैसे आधीच भरलेले लेबल पाठवा' हीच असावी, आणि लेखी असावी. उत्तर येईपर्यंत परतीची मुदत संपत असेल आणि पार्सल पाठवणे भागच असेल, तर 'हा खर्च मी आपल्या वतीने करत आहे, तो परत द्यावा लागेल' असे आधी कळवून मगच पाठवा. नोंद न होणाऱ्या साध्या टपालाने कधीही पाठवू नका. स्पीड पोस्टाच्या पावतीवर दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी आयएन असा तेरा चिन्हांचा क्रमांक असतो. पार्सल पोहोचल्याचा तोच पुरावा. खोके बंद करण्याआधी आतल्या वस्तूचा फोटो, बंद केल्यावर काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा फोटो. आत ऑर्डर क्रमांक, दोन्ही तारखा आणि 'उशिरामुळे परत' असे लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पत्ता परतीच्या सूचनेत दिलेलाच घाला. बिलावरचा पत्ता कार्यालयाचा असू शकतो आणि तिथे पार्सल कोणी घेत नाही. सामानात बॅटरी किंवा अत्तर असेल तर काउंटरवर आधीच सांगा. विमानाने जाणाऱ्या टपालात त्यांवर बंधने आहेत आणि न सांगता पाठवलेले पार्सल वाटेतच अडकते.

पैसे परत आले की रक्कम ताडून पाहावी. वस्तूची किंमत, डिलिव्हरी शुल्क, हाताळणी किंवा प्लॅटफॉर्म शुल्क, कॅश ऑन डिलिव्हरीचे वेगळे शुल्क असे तीन-चार तुकडे असतात आणि परत येते ती बहुधा फक्त वस्तूची किंमत. बाकीचे 'सेवा दिली गेली' म्हणून ठेवून घेतात. पण जी सेवा वेळेवर दिलीच नाही, तिचे पैसे कसले? दिलेला संपूर्ण मोबदला मागावा. ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने ते परत मागावेत; वॉलेटमध्ये जमा करू म्हणाले तर नकार द्यावा. वॉलेटमधले पैसे शेवटी त्याच दुकानात खर्च करावे लागतात.

ऐकले नाही तर काय करायचे? प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. कस्टमर केअरशी झालेले दहा फोन या एका मेलच्या तोडीचे नाहीत, कारण फोनचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. इथेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. तिथे मराठीतही बोलता येते. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवून मध्यस्थी करते. दोन-चारशे रुपयांच्या वादात तीच सर्वांत व्यवहार्य वाट आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल होते. मुदत दोन वर्षांची. 'परतीचा खर्च नेहमीच ग्राहकाचा' ही अटच अन्याय्य म्हणून रद्द करून हवी असेल, तर मात्र जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगापुढे न्यावी लागते.

या सगळ्यात छोट्या विक्रेत्यांची बाजू विसरून चालणार नाही. येवल्याची पैठणी किंवा कोल्हापुरी चप्पल मार्केटप्लेसवर विकणारा कारागीर माल वेळेत बांधून देतो. उशीर होतो तो वाहतुकीत, आणि ती वाहतूक कित्येकदा प्लॅटफॉर्मच्याच हातात असते. तरीही परतीचा खर्च त्याच्या हिशेबातून कापला गेला, तर ग्राहकाची सुटका म्हणजे कारागिराचा बळी, असे होईल. पार्सल ज्याच्या ताब्यात असताना तारीख चुकली, खर्च त्याचा, हा हिशेब विक्रेता, प्लॅटफॉर्म आणि कुरिअर यांनी आपापसांत मिटवावा. ट्रॅकिंगच्या नोंदीत प्रत्येक टप्प्याची वेळ असते, त्यामुळे तो अवघडही नाही. ग्राहकाला त्या तिघांच्या भांडणात ओढू नये.

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात दोषामुळे नाकारलेला माल परत पाठवण्याचा वाजवी खर्च व्यापाऱ्याने सोसावा, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या नियमांनी उशिराला दोषाच्या पंक्तीला आधीच बसवले आहे, तेव्हा पुढचे वाक्य लिहायला अडचण नसावी. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने सहाव्या आणि सातव्या नियमांत एवढीच भर घालावी: 'माल सदोष, वेगळा किंवा उशिरा पोहोचला म्हणून परत घेतला जात असेल, तर तो नेण्याचा खर्च विक्रेत्याचा राहील आणि ग्राहकाने तो आधी केला असल्यास मूळ रकमेबरोबर परत द्यावा लागेल.' त्यासोबत दोन छोट्या गोष्टी सक्तीच्या कराव्यात. पैसे भरताना दाखवलेली पोहोच-तारीख बिलावर छापावी. आणि परतीच्या कारणांच्या यादीत 'उशिरा पोहोचले' हा पर्याय असावा.

आपले,
ग्राहकांना तक्रारी लिहिण्यास साहाय्य करणारे काही स्वयंसेवक, ठाणे